कूतच्या खंदकातले मराठे

शेतातले पाणी काढून द्यायला आपण चर खणतो. तो चर माणसाच्या उंचीइतका खोल केला, पुढच्या बाजूला उपसलेल्या मातीचा बांध घातला, त्यावर वाळूची पोती रचली आणि पुढे काटेरी तार लावली, की त्याला लढाईतला खंदक म्हणतात. तो सरळ खणत नाहीत. नागमोडी खणतात. सरळ चरात तोफेचा गोळा पडला तर त्याचे तुकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांना लागतील. वळण असले म्हणजे दहा-पाच माणसांवरच भागते.

असल्या चरात माणसांनी महिनेच्या महिने काढले. ही गोष्ट पहिल्या महायुद्धातली. ते युद्ध १९१४ साली सुरू झाले. गोऱ्या शिपायांच्या पलटणी फ्रान्सच्या चिखलात कशा राहिल्या, हे पुष्कळांनी लिहून ठेवले आहे. पण आपले मराठी शिपाईही असेच खंदकात राहिले. ते कुठे, कसे राहिले आणि त्यांतले किती परत आले, तेवढेच आम्ही येथे सांगणार आहो.

आज ज्याला इराक म्हणतात, त्या मुलखाला तेव्हा मेसोपोटेमिया म्हणत. तिथे तुर्कांचे राज्य होते. तुर्क जर्मनीच्या बाजूने लढाईत उतरले. शेजारी इराणात इंग्रजांच्या तेलाच्या विहिरी होत्या. त्या राखायच्या म्हणून नोव्हेंबर १९१४ मध्ये हिंदुस्थानातून फौज बोटीने गेली. तिचे नाव सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ नंबरच्या पलटणी होत्या. एका पलटणीत साधारण साडेसातशे माणसे. शिपाई बहुतेक कोकणातले आणि देशावरचे, त्यांत दख्खनी मुसलमानही होते. पगार महिना अकरा रुपये. वरचे साहेब गोरे. त्यांच्या खाली आपले सुभेदार, जमादार, हवालदार.

पहिले वर्ष जिंकण्यात गेले. बसरा हाती आले, मग फौज तैग्रिस नदीच्या काठाने वर सरकत गेली. बगदाद घ्यायचेच, असे वरच्यांनी ठरवले. माणसे थोडी, दाणापाण्याच्या बोटी थोड्या, दवाखान्याची सोय त्याहून थोडी. अशा स्थितीत पुढे जाणे हा शहाणपणा नव्हता, असे आमचे मत आहे. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉन येथे मोठी लढाई झाली. इंग्रजांच्या बाजूची सुमारे ४,६०० माणसे मेली किंवा जखमी झाली. जखमींना न्यायला खेचरांच्या बिनकमानीच्या गाड्या होत्या. मोडलेल्या पायाचा माणूस अशा गाडीत घालून खाचखळग्यांतून नेला म्हणजे त्याचे काय होते, हे बैलगाडीत दुखणेकऱ्याला नेलेल्या माणसाला सांगायला नको. पुढे बोटींवरही त्यांचे फार हाल झाले. ह्या अनास्थेची नंतर विलायतेत चौकशी झाली, आणि १९१७ साली तिचा अहवाल निघाला.

उरलेली फौज मागे फिरली आणि ३ डिसेंबर १९१५ रोजी कूत नावाच्या गावी पोचली. नदी तिथे घोड्याच्या नालासारखी वळली आहे. तिन्ही बाजूंना पाणी, एका बाजूला जमीन. त्या जमिनीकडच्या तोंडावर खंदक खणायचे होते. माणसे दिवसेंदिवस चालून थकलेली होती. तरी आल्या आल्या हातात फावडी घेतली, कारण तुर्क पाठीवर होते. ७ डिसेंबरला वेढा पडला.

आता खंदकातला दिवस पाहा. खरे म्हणजे तिथे रात्र हाच दिवस. अंधार पडला की काम सुरू. पडलेला चर पुन्हा खणायचा, पोती भरायची, तार दुरुस्त करायची, दाणागोटा आणायचा, मेलेल्यांना पुरायचे. उजाडायच्या आधी सगळ्यांनी संगीन लावून उभे राहायचे, कारण हल्ला बहुधा त्याच वेळी येई. उन्हे वर आली की काही जण पहाऱ्यावर, बाकीचे भिंतीला टेकून झोपत. डोके वर काढायची सोय नव्हती. समोर दडून बसलेले नेमबाज होते. खोकला आला, सहज उभा राहिला, की गोळी! पाणी नदीवरून आणावे लागे. पलीकडच्या काठावरून घागरीवर नेम धरलेला असे. पाण्याला गेलेले कितीतरी लोक परत आले नाहीत.

अंगात उवा. कपडे धुवायला पाणी नाही, बदलायला कपडा नाही. हिवाळ्यात तिथे हाडे गोठवणारी थंडी पडते, त्यात पाऊस. जानेवारीत नदीला पूर आला आणि पुढचे खंदक पाण्याने भरले. पैनगंगेच्या काठच्या मंडळींना ठाऊक आहे, पुरानंतर काळी माती पायाला कशी धरते. तसल्या चिखलात मांडीइतके उभे राहून ते बंदुका कोरड्या ठेवीत. पुराने तुर्कांचेही खंदक बुडाले, म्हणून दोघांनाही मागे सरकावे लागले.

तीन पलटणींच्या जागा वेगवेगळ्या होत्या. ११० नंबरची पलटण नदीपलीकडच्या एका लहान वस्तीत होती. आपल्याकडे कापसाच्या गाठी बांधायचे प्रेस असतात ना, तसा तिथे लोकरीचा प्रेस होता. १०३ नंबरची पलटण किल्ल्यात होती. किल्ला म्हणजे आपल्या माहूरगडासारखा नव्हे. मातीच्या भिंतींची गढीच ती. २४ डिसेंबरला तुर्कांनी तोफांनी ती भिंत फोडली आणि खिंडारातून आत शिरले. मराठे आणि त्यांच्या शेजारची गोरी पलटण रात्रभर संगिनींनी आणि हातबाँबनी लढली. सकाळी तुर्क मागे हटले. या झटापटीत किल्ल्यातले सुमारे ३०० जण मेले किंवा जखमी झाले.

तो बाँब कसला, तेही सांगतो. मुरंब्याच्या रिकाम्या डब्यात दारू भरून आतल्याच लोकांनी केलेला. विमानाच्या एंजिनाचा तुकडा घेऊन त्यांनी लहान तोफही बनवली. दळायला दगड नव्हते, तर गिरणीचे दगड विमानातून टाकले गेले.

पण खरी लढाई पुढे भुकेशी झाली. बाहेरून मदतीची फौज चार महिने धडका देत होती. तिची सुमारे २३,००० माणसे मेली वा जखमी झाली, तरी ती कूतपर्यंत पोचली नाही. आत धान्य संपत आले. तेव्हा खेचरे आणि घोडे मारून त्यांचे मांस वाटू लागले. गोऱ्या शिपायांनी ते खाल्ले. आपल्या लोकांनी पुष्कळ दिवस खाल्ले नाही. घोड्याचे मांस खाल्ले हे गावात कळले तर वाळीत टाकतील, पोरीबाळींची लग्ने अडतील, ही भीती. हिंदुस्थानातल्या धर्माधिकाऱ्यांची संमती तारेने मागवली. तरी मन होईना. शेवटी एप्रिलमध्ये पुष्कळांनी खाल्ले. काहींनी नाहीच खाल्ले.

आम्हांला येथे थांबून दोन शब्द सांगावेसे वाटतात. त्यांना अडाणी म्हणून हसणे सोपे आहे. पण तो शिपाई शत्रूच्या गोळीला भीत नव्हता. गावाच्या बोलण्याला भीत होता. गावाच्या धाकाने माणूस पोटाला चिमटा घेतो, ही गोष्ट आपल्याही ओळखीची आहे.

त्यांच्या वाट्याला जवाचे पीठ येई, तेही दिवसेंदिवस कमी. एप्रिलच्या शेवटी ते माणशी चार औंसांवर आले. म्हणजे सव्वाशे ग्रॅमही नाही. एक भाकरी व्हायची कशीबशी, आणि त्यावर दिवसभर पहारा. भाजी नाही, दूध नाही. त्यामुळे स्कर्व्ही नावाचा रोग आला. हिरड्या सुजतात, रक्त येते, जुन्या जखमा उघडतात. म्हणून शिपाई खंदकाबाजूचे गवत-पाला आणून शिजवून खाऊ लागले. त्यातले काही विषारी निघाले. विमानातून पोती टाकली गेली, पण काही नदीत पडली, काही तुर्कांच्या खंदकात. एक बोट धान्य भरून रात्री निघाली, तीही वाटेत तुर्कांनी पकडली.

२९ एप्रिल १९१६ रोजी कूत तुर्कांच्या स्वाधीन झाले. १४७ दिवस वेढा चालला होता. त्यात १,००० हून अधिक लोक गोळीने वा जखमांनी मेले आणि ७०० च्या वर रोगाने. सुमारे १३,००० माणसे कैद झाली. त्यांत शिपायांबरोबर भिस्ती, खेचरवाले, स्वयंपाकी असे बिनहत्यारी लोकही होते. अन्नावाचून खंगलेल्या ह्या माणसांना उन्हाळ्याच्या दिवसांत वाळवंटातून शेकडो मैल चालवले. वाटेत जो बसला तो उठला नाही. पोचले त्यांतल्या पुष्कळ हिंदी शिपायांना रास-अल-ऐन येथे रेल्वेच्या कामाला लावले. युद्ध १९१८ मध्ये थांबले, तेव्हा हजारो घरी आलेच नाहीत. ११७ नंबरच्या पलटणीला १९२१ साली 'रॉयल' ही पदवी मिळाली. पदवी पलटणीला मिळाली. ज्यांचा माणूस गेला त्या घरी काय पोचले असेल, ते आपणच समजून घ्या.

आणि नावांचे काय झाले? बसऱ्याला १९२९ साली एक मोठे स्मारक उघडले. ज्यांची कबर कुठे आहे हे कळले नाही अशा ४०,००० हून अधिक लोकांसाठी ते होते. १९९७ साली ते उचलून वाळवंटात नव्या जागी नेले. गोऱ्या शिपायांची नावे त्याच्या दगडावर कोरली. हिंदी सुभेदार-जमादारांचीही कोरली. पण हिंदी शिपायांसाठी पलटणीचे नाव आणि पुढे नुसता आकडा! नावे एका वेगळ्या नोंदवहीत राहिली. आपल्या महाराष्ट्रातही काही गावांत शाळेच्या नाहीतर चावडीच्या भिंतीत त्या युद्धाची जुनी दगडी पाटी असते. या गावातून इतके लोक लढाईला गेले, त्यांतले इतके परत आले नाहीत, एवढेच तिच्यावर असते. तिथेही आकडाच.

युद्धातल्या कबरी सांभाळणाऱ्या मंडळाने या भेदाबद्दल २०२१ साली, म्हणजे शंभर वर्षांनी, माफी मागितली. नोंदवहीतली नावे आता त्या मंडळाच्या यादीत मोबाइलवरही शोधता येतात. पुष्कळ नावांपुढे बापाचे नाव, गाव आणि तालुका लिहिलेला आहे. घरात कोणी पणजा-खापरपणजा त्या लढाईला गेल्याचे सांगत असतील, जुन्या पेटीत एखादे मेडल पडले असेल, तर त्या मेडलची कड उजेडात धरून पाहा. कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. शाळेत जाणाऱ्या नातवाला बसवून ती अक्षरे कागदावर उतरवून घ्या. यादीत नाव शोधायला तेवढे पुरते.