परमुलखांतील एक हिवाळा

होटगी स्टेशनाच्या फलाटावर उभें राहिलें म्हणजे रूळ दोन दिशांस फांकलेले दिसतात. एक वाट गुलबर्ग्यावरून वाडीकडे जाते, दुसरी विजापुरावरून गदगकडे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचें बालपण या फांट्यावरील गाड्यांचे आवाज ऐकत गेलेलें आहे, आणि गाडी निघाली कीं तिच्याबरोबर आपणही दूर कोठें तरी जावें असें वाटणें हा बालस्वभावच होय. अलीकडे मात्र वरच्या वर्गांतील मुलामुलींच्या तोंडून एक निराळाच प्रश्न ऐकूं येतो. शाळेंत असतांनाच एक वर्ष परदेशीं राहून तेथील शाळेंत शिकतां येतें, हें खरें काय? त्यांचे आईबाप हाच प्रश्न जरा हलक्या आवाजांत विचारतात. पाठवावें काय? परक्या घरीं मूल राहील कसें, खाईल काय, आणि तिकडची ती बर्फाची थंडी त्यास सोसेल काय? या प्रश्नांचा आमच्यानें होईल तितका उलगडा करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

प्रथम ही गोष्ट आहे तरी काय तें सांगतों. तिला विद्यार्थि-विनिमय असें म्हणतात. सुमारें १५ ते १८ वर्षांचा विद्यार्थी एक शालेय वर्ष परदेशांतील एखाद्या कुटुंबांत घरच्या मुलासारखा राहतो, जवळच्या शाळेंत जातो, आणि वर्ष संपतांच परत येतो. अशी योजना चालविणाऱ्या संस्थांपैकीं एकीचा उगम मोठा चमत्कारिक आहे. १९१५ सालीं, पहिल्या महायुद्धांत, कांहीं अमेरिकन तरुण फ्रान्समध्यें स्वयंसेवक म्हणून जखमी शिपायांच्या रुग्णवाहिका हांकीत असत. त्यांच्या मंडळाचें नांव 'अमेरिकन फील्ड सर्व्हिस'. दुसऱ्या महायुद्धांतही त्यांनीं तेंच काम केलें. आणि युद्ध संपल्यावर, जीं राष्ट्रें एकमेकांच्या मुलांस मारीत होतीं त्यांचीं मुलें एकमेकांच्या घरीं जेवावयास बसलीं तर बरें, अशा विचारानें १९४७ पासून शाळकरी विद्यार्थ्यांची ने-आण सुरू केली. रोटरी क्लबांचीही अशीच योजना आहे. शिवाय २००२ सालीं अमेरिकेच्या सरकारनें 'केनेडी-लूगर' या नांवाची एक शिष्यवृत्ति काढली, तींत हिंदुस्थानांतील मुलेंही निवडलीं गेलीं आहेत.

परंतु परक्या घरीं राहून शिकण्याची ही कल्पना आपल्या महाराष्ट्रास अगदींच नवी आहे असें कोणीं समजूं नये. या सर्व संस्था जन्मास येण्यापूर्वीं एका मराठी मुलीनें हा अनुभव घेतलेला आहे. ती मुलगी म्हणजे डॉक्टर आनंदीबाई जोशी. आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव यांनीं आपल्या पत्नीच्या शिक्षणाविषयीं, पूर्वीं कोल्हापुरास मिशनरी असलेल्या रेव्हरंड वाइल्डर यांस पत्र लिहिलें होतें. तें अमेरिकेंतील 'मिशनरी रिव्ह्यू' या मासिकांत छापलें गेलें. १८८० सालीं न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल गांवच्या मिसेस कार्पेंटर या बाईंच्या तें वाचण्यांत आलें. एका अनोळखी हिंदु मुलीविषयीं त्यांस इतकी कळकळ वाटली कीं त्यांनीं होऊन पत्र धाडलें, आणि तीन वर्षें पत्रव्यवहार चालून दोघींचें मावशी-भाचीचें नातें जडलें. ता. ७ एप्रिल १८८३ रोजीं आनंदीबाई कलकत्त्याहून बोटींत बसल्या, आणि ता. ४ जून रोजीं न्यूयॉर्क येथें उतरल्या. त्या वेळीं त्यांचें वय अवघें १८ वर्षांचें होतें. निघण्यापूर्वीं श्रीरामपूर येथील भाषणांत त्यांनीं आपण हिंदु म्हणून जाणार व हिंदु म्हणूनच राहणार असें स्पष्ट सांगितलें होतें. कार्पेंटरबाई ख्रिस्ती होत्या. आणि तरी त्या उन्हाळ्यांत रोझेलच्या घरांत दोघींच्या प्रीतींत या गोष्टीचा अडथळा झाला नाहीं. 'मूल परधर्मीयांच्या घरीं जाऊन आपलें विसरेल काय' अशी भीति ज्या पालकांस वाटते (आणि ती हिंदु, मुसलमान, लिंगायत, ख्रिस्ती अशा सर्वांस सारखीच वाटते) त्यांनीं हें उदाहरण लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

आतां आजच्या विद्यार्थ्याच्या नित्यक्रमाकडे वळूं. त्यास पहिला धक्का बसतो तो थंडीचा नव्हे, तर घरकामाचा. त्या घरीं भांडी घांसावयास बाई येत नाहीं. जेवण झालें कीं आपलें ताट आपण उचलावें, धुण्याच्या यंत्रांत कपडे आपण घालावे, आठवड्याच्या ठरलेल्या दिवशीं केराचा डबा रस्त्याच्या कडेस नेऊन ठेवावा, अशीं कामें मुलगा व मुलगी असा भेद न करतां वांटून दिलेलीं असतात. आपल्याकडे जो मुलगा पाण्याचा तांब्या बहिणीकडून मागून घेतो त्यास हे पहिले पंधरा दिवस फार जड जातात. (कित्येक माता हें वाचून मनांत संतुष्ट होतील, असा आमचा तर्क आहे!) दुसरी अडचण हांक मारण्याची. तिकडे पुष्कळ घरीं यजमान व यजमानीण यांस नांवानेंच हांक मारण्याचा परिपाठ आहे, आणि वडील माणसाचें नुसतें नांव घेतांना आपल्या मुलाची जीभ अडखळते. यावर आनंदीबाईंचा उपाय आम्हांस उत्तम वाटतो. 'मावशी' म्हणावें, त्याचा अर्थ सांगितला म्हणजे त्या घरच्या बाईस आनंदच होतो.

शाळेंत प्रत्येक तासाला मुलेंच खोली बदलतात, शिक्षक जागेवर असतात. दुपारीं डबा किंवा शाळेच्या भोजनगृहांतील जेवण असतें, आणि शाकाहारी मुलानें तेथें काय आहे तें विचारून घ्यावें. लाजून उपाशी राहूं नये. सोलापूरकडील कडक भाकरी व शेंगाची चटणी पुष्कळ दिवस टिकते हें खरें, परंतु विमानतळावर उतरतांना जवळ खाण्याचे पदार्थ असतील तर ते जकातीच्या अधिकाऱ्यास सांगावेच लागतात, लपवून नेतां येत नाहींत. यजमानांस भेट म्हणून आपली सोलापुरी चादर न्यावी, ती तेथें कौतुकानें पाहिली जाईल. तिनें त्यांची थंडी मात्र जावयाची नाहीं.

आणि थंडी हाच आमच्या विवेचनाचा मुख्य भाग. पृथ्वीचा आंस सुमारें साडेतेवीस अंश कललेला आहे, हें भूगोलांत सर्वांनीं पाठ केलेलें असतें. त्याचा अर्थ मात्र उत्तरेकडे गेल्यावर कळतो. आपलें होटगी विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें साडेसतरा अंशांवर आहे, त्यामुळें २१ डिसेंबर या लहानांतल्या लहान दिवशींही येथें ११ तास उजेड असतो. फिलाडेल्फिया ४० अंशांवर, तेथें हा दिवस साडेनऊ तासांहूनही लहान. आणि फिनलंड देशांतील हेलसिंकी ६० अंशांवर, तेथें तो ६ तासांचाही नाहीं. भर दुपारीं सूर्य क्षितिजावर अवघा सहा-सात अंश चढतो, झाडांच्या शेंड्यांमागें दडून पुन्हां खालीं जातो. मूल अंधारांत शाळेस जातें व अंधारांतच परत येतें. त्याहून उत्तरेस, नॉर्वेमधील ट्रॉम्सो या गांवीं, नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाहीं.

आमच्याकडे जानेवारींत पहाटे पारा १५ अंशांच्या आसपास आला कीं आम्ही घोंगडी ओढून शेकोटीकडे धांवतों. अमेरिकेंतील मिनेसोटा प्रांतांत त्याच सुमारास उणे २० अंश ही कांहीं नवलाची गोष्ट नव्हे. पाणी शून्य अंशावर गोठतें. तेव्हां तेथें तळीं गोठतात, नाकांतला ओलावा गोठतो, आणि न्हाऊन ओल्या केसांनीं बाहेर पडलें तर केसही कडक होतात. इतक्या थंडींत उघडें राहिलेलें बोट किंवा कान प्रथम दुखतो, मग पांढरा पडून बधिर होतो. हा बधिरपणाच घातक, कारण दुखणें थांबलें म्हणून मुलास बरें वाटतें, आणि खरोखर तेथील मांस गोठूं लागलेलें असतें.

यावर तेथील लोकांची युक्ति समजण्यासारखी आहे. एकच जाड कोट घालण्यापेक्षां ते एकावर एक तीन थर घालतात. अंगास लागून घाम शोषून बाहेर टाकणारें पातळ वस्त्र, त्यावर लोंकरीचें, आणि सर्वांवर वारा व पाणी आंत न शिरूं देणारें. ऊब कापडांत नसते. ती कापडाच्या आंत अडकलेल्या हवेंत असते, कारण कोंडलेली हवा उष्णतेस सहसा बाहेर जाऊं देत नाहीं. आपल्या धनगरांच्या घोंगडीचें शास्त्र हेंच. सुती बंडी मात्र घामानें भिजली कीं अंगासच गारठवते, म्हणून आपल्याकडील कपड्यांची पेटी भरून पाठविण्यांत अर्थ नाहीं. हिवाळी कपडे तेथेंच घ्यावे. घरांच्या खिडक्यांसही दोन-दोन कांचा असतात व मधल्या जागेंत हवा कोंडलेली असते. रस्त्यांवर मीठ टाकतात तें यासाठीं कीं खारें पाणी शून्याच्या खालीं गेल्यावर गोठतें. आणि सकाळीं उठून दारासमोरचें बर्फ फावड्यानें ओढणें हें काम बहुधा घरांतील मुलांकडे येतें. पाहुण्यासही तें चुकत नाहीं.

सुटीचे प्रवास हे या हिवाळ्यांतील सुखाचे दिवस होत. विद्यार्थ्यास एकट्यानें मन मानेल तेथें फिरतां येत नाहीं; यजमानांबरोबर, शाळेबरोबर किंवा संस्थेच्या परवानगीनें जावें लागतें, आणि आमच्या मतें हा नियम योग्यच आहे. जर्मनींत नाताळापूर्वीं चार आठवडे गांवोगांवच्या चौकांत बाजार भरतात. दिव्यांच्या माळा, भाजलेले बदाम, आल्याच्या पोळीसारखे गोड केक, आणि गर्दी पाहून आपल्या मुलास गड्ड्याच्या यात्रेची आठवण झाली तर नवल नाहीं. स्वीडनमध्यें १३ डिसेंबरला संत लूसीचा दिवस पाळतात. पांढरा झगा घातलेली एक मुलगी डोक्यावर दिव्यांचा मुकुट घेऊन अंधारांत गात येते, मागून इतर मुलें हातीं दिवे धरून चालतात. त्याच देशांत फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास शाळांस एक आठवडा केवळ बर्फावरील खेळांसाठीं सुटी असते. पायांस लांब पट्ट्या बांधून डोंगरावरून घसरतांना चार वर्षांचें मूल पुढें निघून जातें आणि आपला सोळा वर्षांचा वीर पालथा पडलेला असतो. हा अपमान हंसून सोसला कीं मैत्री लवकर होते.

नाताळची रात्र मात्र कठीण जाते. यजमानांचें सर्व कुटुंब जमतें, भेटी उघडल्या जातात, आणि नेमकें त्याच वेळीं मुलास घर आठवतें. आपल्या मराठी ख्रिस्ती घरीं त्या दिवशीं करंज्या तळल्या जात असतात. इतरांच्या शेतांवर हुरडा भाजला जात असतो. पुढें संक्रांतीस सिद्धेश्वराच्या काठ्या निघतात, आणि आपण तेथें नाहीं. त्यांत दिवसाचा उजेड कमी, त्यानेंही मन उदास होतें. आतां दूरध्वनीवर एकमेकांचे चेहरे पाहून बोलतां येतें, आनंदीबाईंच्या काळाप्रमाणें पत्राची आठवडेच्या आठवडे वाट पहावी लागत नाहीं. परंतु आईबापांनीं रोज सकाळ-संध्याकाळ हांक मारूं नये असें आम्ही सुचवितों. हिवाळ्यांत अमेरिकेचा पूर्व किनारा आपल्या साडेदहा तास मागें असतो. आपल्या रात्रीच्या जेवणाच्या वेळीं तिकडे मूल शाळेंत असतें. जें मूल सारखें फोनवर असतें तें देहानें तिकडे व मनानें होटगीस राहतें आणि दोन्हीकडचें कांहीं त्यास मिळत नाहीं. आठवड्यांतून एकदां, निवांत, पुरें.

मात्र एक गोष्ट मुलांस आधींच बजावून सांगावी. दुखलें, थंडी बाधली, किंवा यजमानांच्या घरीं कांहीं खुपलें तर तें त्याच दिवशीं बोलून दाखवावें. प्रत्येक विद्यार्थ्यासाठीं संस्थेनें तेथें एक स्थानिक व्यक्ति नेमलेली असते, ती याचसाठीं. जरूर पडल्यास घर बदलूनही देतात. आपल्याकडे सोसणें हा मोठा गुण मानतात, आणि आनंदीबाईंच्या ठायीं तो पुरेपूर होता. नऊवारी लुगड्यानें पोटऱ्या उघड्या पडतात म्हणून त्यांनीं गुजराथी पद्धतीनें साडी नेसण्यास आरंभ केला, इतकी तडजोड त्यांनीं थंडीशीं केली. परंतु रोझेलचें ऊबदार घर सोडून त्या फिलाडेल्फियास वैद्यकीय कॉलेजांत गेल्या, तेव्हां तेथील खोलींत शेगडी नीट पेटत नसे. एक तर धूर, नाहीं तर गारठा. अशांत स्वतःचा शाकाहारी स्वयंपाक करून त्यांनीं अभ्यास केला. ता. ११ मार्च १८८६ रोजीं त्या डॉक्टर झाल्या. पण प्रकृति ढांसळली ती ढांसळलीच. त्याच वर्षाच्या अखेरीस त्या स्वदेशीं परतल्या, आणि ता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, वयास २२ वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, पुण्यास क्षयानें वारल्या. त्यांच्या अस्थि कार्पेंटर मावशींकडे पाठविण्यांत आल्या. न्यूयॉर्क प्रांतांतील पोकीप्सी येथें मावशींच्या कुटुंबाच्या दफनभूमींत त्या पुरलेल्या आहेत. आज घरें ऊबदार आहेत, औषधें आहेत, आणि संस्था निघण्यापूर्वीं विमा उतरवितात. तरी 'मला थंडी वाजते' हें वाक्य मुलानें स्वतःच उच्चारावें लागतें.

राहिली व्यवहाराची बाजू. तिकडची शाळा ऑगस्ट-सप्टेंबरांत सुरू होते आणि निवडीचें काम सुमारें वर्षभर आधीं चालूं होतें, म्हणून नववीच्या वर्गांतच चौकशीस लागावें. शिष्यवृत्ति मिळाली तर खर्चाचा मोठा भार हलका होतो, न मिळाल्यास तो साधारण घरास झेपणारा नाहीं, हें आम्ही लपवून ठेवीत नाहीं. येथील अभ्यासाचें एक वर्ष मागें पडण्याचाही संभव असतो. तें कितपत भरून निघेल याचा विचार अर्ज भरण्यापूर्वीं मुख्याध्यापकांशीं बसून करावा. मुलाखतींत इंग्रजी किती सफाईची आहे यापेक्षां मूल आपल्या गांवाविषयीं काय सांगूं शकतें याकडे परीक्षकांचें अधिक लक्ष असतें; तेव्हां ज्वारी केव्हां पेरतात, चादर कशी विणतात, आणि होटगीच्या रस्त्यावर मराठीच्या जोडीस कानडी कां ऐकूं येतें, हें ज्या मुलास ठाऊक नसेल त्यानें या मे महिन्याच्या सुटींत तें विचारून घेण्यास आरंभ करावा.