खरेदीखताला स्वतः हजर राहायलाच हवं का?

"तुम्ही कशाला येता? कुलमुखत्यारपत्र द्या, बाकी आम्ही बघतो." महाराष्ट्रात फ्लॅट किंवा जमिनीचा व्यवहार करणाऱ्याला एजंटाचं हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. त्यात लबाडीपेक्षा घाईच जास्त असते, पण ज्या समजुतींवर ते खपतं त्या बहुतेक चुकीच्या आहेत.

सर्वांत घट्ट समजूत अशी की, दुय्यम निबंधकाचा शिक्का बसला म्हणजे मालकी सरकारने तपासली. तसं होत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यातल्या कलम ३४ प्रमाणे निबंधक पाहतो ते एवढंच: दस्त खरोखर त्या माणसानेच केला का, समोर उभा आहे तो तोच का आणि दुसऱ्याच्या वतीने आला असेल तर त्याला अधिकार आहे का. मालकी तपासण्याचा अधिकार देणारा तमिळनाडूचा नियम तर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये रद्द केला. म्हणून सर्च रिपोर्ट वकिलाकडून आधीच घ्यायचा.

फोटो आणि 'थंब' हा निव्वळ उपचार मानणारेही पुष्कळ. खरं तर त्या टेबलाशी तुमची कबुली नोंदवली जाते. विकणाऱ्याने निबंधकासमोर "पैसे मिळाले" म्हटलं, तर कलम ५८ प्रमाणे तशी नोंद दस्तावरच होते. चेक वटला नसताना असं म्हणणाऱ्याला पुढे कोर्टात फार झगडावं लागतं. घेणाऱ्याचं लक्ष दुसरीकडे हवं. संगणकातल्या माहितीचा प्रिंट हातात येतो, त्यातला गट नंबर, क्षेत्रफळ, नावाचं स्पेलिंग तिथेच वाचायचं. मागे रांग कितीही कुरकुरू दे! नंतर चूक सापडली तर चूकदुरुस्ती पत्राला दोन्ही बाजू पुन्हा हजर लागतात, आणि पूर्ण पैसे घेऊन गेलेला माणूस दुसऱ्यांदा सहज येत नाही.

नोटरीचं कुलमुखत्यारपत्र सगळीकडे चालतं, हेही अर्धसत्य. तुम्ही सही केलेला दस्त दुसऱ्याने नोंदणीला न्यायचा, तर भारतात राहणाऱ्याचं मुखत्यारपत्र निबंधकासमोर केलेलं आणि त्याने प्रमाणित केलेलं लागतं. परदेशात राहणाऱ्यांना नोटरी किंवा भारतीय वकिलातीची सोय आहे. देणारा वारला की सर्वसाधारण मुखत्यारपत्र संपतं, हे वृद्ध आईवडिलांच्या घराबाबत विशेष लक्षात ठेवावं. आणि नुसत्या मुखत्यारपत्रावर घर 'विकत घेतलं' म्हणणाऱ्याच्या हाती मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

अंथरुणाला खिळलेल्यांचं काय? कलम ३८ त्यांच्यासाठीच आहे. निबंधक स्वतः घरी येऊन कबुली घेऊ शकतो. ही तरतूद एजंट क्वचितच सांगतात.

हल्ली सगळं ऑनलाइन होतं असंही कानावर येतं. भाडेकरार घरबसल्या होतो, बिल्डरकडून घेतलेल्या नव्या फ्लॅटसाठीही ई-नोंदणीची सोय आहे. जुन्या घराच्या खरेदीखताला मात्र कार्यालय गाठावं लागतं.

राहिली घाई. सही झाल्यापासून दस्त नोंदणीला द्यायला चार महिने मिळतात. अडचण खरी असेल तर दंड भरून आणखी चार, आणि तो दंड नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो.