पांच जणींची निवड

रात्रीचीं जेवणें आटोपून घरांतील मंडळी ओटीवर बसली, कीं कोणी तरी क्रिकेटचा सर्वकाळचा सर्वश्रेष्ठ संघ निवडावयास काढतो, आणि मग अकरावें नांव ठरेपर्यंत बारा वाजतात. हा उद्योग ज्यांत कधींच झाला नाहीं, अशीं घरें थोडीं. निवडलेला संघ मैदानावर कधींच उतरावयाचा नसतो. तरी पण माणसें हट्टास पेटतात. कारण आपण तरुणपणीं पाहिलेल्या खेळाडूचें नांव आतांच्या पोरांनीं यादींतून काढून टाकावें, हें आजोबांना सोसत नाहीं. आज आम्ही हाच उद्योग एका निराळ्या खेळाविषयीं आणि दूरच्या एका विद्यापीठाविषयीं करणार आहों. अमेरिकेंतील कनेक्टिकट विद्यापीठाच्या मुलींचा जो बास्केटबॉलचा संघ आहे, त्याच्या आजवरच्या खेळाडूंतून सर्वोत्तम पांच जणी आम्हांला निवडावयाच्या आहेत.

हेंच विद्यापीठ कां, असें कोणी विचारील. कारण सरळ आहे. १९९५ पासून २०२५ पर्यंत या संघानें बारा वेळां राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें असून, मुलींच्या दुसऱ्या कोणत्याही विद्यापीठसंघाला इतकी मजल गांठतां आलेली नाहीं. ज्या घरीं दागिन्यांची पेटी भरलेली, त्याच घरच्या बायकांना लग्नाला निघावयास उशीर होतो. येथेंही तसेंच आहे.

खेळाची ओळख थोडक्यांत करून देतों. मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील स्प्रिंगफील्ड येथें १८९१ सालीं जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकानें सज्जाला पीच फळांच्या दोन करंड्या टांगून हा खेळ सुरू केला, आणि पुढल्याच वर्षीं जवळच्या स्मिथ कॉलेजांत सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेनें तो मुलींस शिकविला. मुलींना दगदग होऊं नये म्हणून मैदानाचे तीन भाग पाडले होते, आणि जिनें ज्या भागांत उभें राहावयाचें, तिनें तो सोडावयाचा नाहीं, असा नियम होता. १८९३ मध्यें तेथें पहिला सामना झाला, तेव्हां पुरुष प्रेक्षकांना मज्जाव होता. पुढें नियम सुटत गेले. पण मुलींच्या खेळाला पैसा व शिष्यवृत्त्या मिळूं लागल्या त्या मात्र १९७२ च्या कायद्यानंतर. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांनीं स्त्री-पुरुष असा भेद करूं नये, असें त्या कायद्यानें ठरविलें. आजच्या खेळांत एका बाजूस पांच जणी असतात, जाळी दहा फूट उंचीवर असते, जवळून चेंडू आंत टाकल्यास दोन गुण आणि ठराविक रेषेबाहेरून टाकल्यास तीन. चेंडू जाळींत न पडतां परत आला, तर तो झेलणें हेंही मोठें कौशल्य समजतात. एवढें ठाऊक असलें म्हणजे पुढचें समजण्यास अडचण नाहीं.

कनेक्टिकट विद्यापीठ स्टॉर्स नांवाच्या खेडेगांवांत आहे. १८८१ सालीं तें शेतकी शाळा म्हणून निघालें. तेथें १९८५ सालीं जीनो ऑरिएमा हे मुलींच्या संघाचे प्रशिक्षक म्हणून आले. त्यांचा जन्म इटलींतला. वयाच्या सातव्या वर्षीं ते आईबापांबरोबर अमेरिकेंत आले. ते येण्यापूर्वीं या संघानें पराभवांपेक्षां विजय अधिक मिळविले, असें एकच वर्ष गेलें होतें. त्यांच्या पहिल्या वर्षींही बारा विजय आणि पंधरा पराभव, असाच हिशेब राहिला. त्याच गृहस्थांनीं नोव्हेंबर २०२४ मध्यें आपला १२१७ वा विजय मिळवून विद्यापीठीय बास्केटबॉलमधील सर्व प्रशिक्षकांस मागें टाकलें.

आतां निवडीचे नियम. पहिला नियम असा, कीं विद्यापीठांत असतांना केलेला खेळच धरावयाचा. पुढें धंदेवाईक संघांत किंवा ऑलिंपिकमध्यें मिळविलेलें यश धरावयाचें नाहीं. दुसरा नियम अधिक महत्त्वाचा. मैदानावर चेंडू एकच असतो. ज्या घरांत पांचही सुना सुगरणी, तेथेंही पोळ्या कोणी लाटावयाच्या, फोडणी कोणी द्यावयाची आणि पंगतींत वाढावयाचें कोणी, याची वाटणी करावीच लागते; नाहीं तर चुलीपाशीं गर्दी आणि पंगत उपाशी. म्हणून सर्वांत जास्त गुण मिळविणाऱ्या पांच जणी ओळीनें लिहून काढणें आम्हांस मान्य नाहीं.

या आंकड्यांची एक गंमत सांगण्याजोगी आहे. १९९८ सालीं निकेशा सेल्स या खेळाडूच्या नांवावर २१७६ गुण होते, आणि केरी बॅस्कम हिचा विद्यापीठाचा उच्चांक होता २१७७. इतक्यांत सेल्सच्या पायाची टाचेमागची शीर तुटली व तिचा विद्यापीठांतील खेळ संपला. पुढचा सामना व्हिलानोव्हा विद्यापीठाशीं होता. दोन्ही प्रशिक्षकांनीं आधींच ठरवून सामन्याच्या आरंभीं सेल्सला जाळीखालीं उभें केलें, कोणी आडवें आलें नाहीं, आणि तिनें दोन गुण टाकले. मग व्हिलानोव्हाच्या मुलींनाही तसेच दोन गुण देऊन बरोबरी केली आणि खरा सामना तेथून सुरू झाला. यावर अमेरिकेंतील वर्तमानपत्रांत मोठा गदारोळ उठला. आमचें मत विचाराल तर मुलीवर माया करण्यांत प्रशिक्षकांचें कांहीं चुकलें नाहीं. उच्चांकाचें मात्र तेज थोडें उतरलें. पुढें तो मोडलाही गेला. सेल्स मोठी खेळाडू होती, आणि ती त्या दोन गुणांमुळें मोठी नव्हती.

पहिलें नांव लिहितांना आम्हांला विचार करावा लागला नाहीं. सू बर्ड. चेंडू पुढें आणून तो कोणाला, केव्हां आणि कोणत्या हातीं द्यावयाचा, हें ठरविणारी खेळाडू प्रत्येक संघांत एक असते. ती चुकली तर बाकीच्या चौघी कितीही चांगल्या असोत, व्यर्थ. १९९८ च्या हंगामांत आठ सामने होतात न होतात तोंच बर्डचा गुडघा दुखावला आणि सारें वर्ष वायां गेलें. त्यानंतर ती परतली, आणि तिच्या कारकीर्दींत ती ज्या सामन्यांत खेळली, त्यांतील ११४ जिंकले व अवघे चार हरले. एकूण सहाय्याचा विद्यापीठाचा उच्चांक पुढें निका म्यूल हिनें केला हें खरें; पण २००२ चा जो संघ ३९ सामन्यांत एकदांही हरला नाहीं, त्याचें सुकाणूं बर्डच्या हातीं होतें. त्या संघांतील बर्डसह चौघींना त्याच वर्षीं धंदेवाईक संघांनीं पहिल्या सहा निवडींतच उचललें. इतक्या मानी मुलींना एकाच चेंडूवर समाधानानें नांदविणें सोपें नव्हे.

तिच्या शेजारीं डायना टॉरासी. हिचे वडील जन्मानें इटालियन व वाढले अर्जेंटिनांत, आई अर्जेंटिनाची, मुलगी वाढली कॅलिफोर्नियांत. २००१ मध्यें पहिल्याच वर्षीं राष्ट्रीय उपांत्य सामन्यांत तिनें पंधरा वेळां चेंडू फेकला आणि एकदांच तो जाळींत गेला. संघ हरला. एखादी मुलगी त्या रात्रीनंतर कायमची दबून गेली असती. टॉरासीनें पुढल्या तीनही वर्षीं अजिंक्यपद मिळविलें. यांतलें आम्हांला विशेष वाटतें तें २००३ चें. बर्ड व तिच्या बरोबरीच्या मुली शिक्षण संपवून गेल्या होत्या, आणि हिच्याभोंवतीं बऱ्याचशा नवख्या मुली उरल्या होत्या. तेव्हां ऑरिएमा म्हणत, कीं आमच्याकडे डायना आहे आणि तुमच्याकडे नाहीं, हेंच आमच्या विजयाचें कारण. प्रौढी वाटेल, पण हिशेब खरा होता.

तिसरी माया मूर. २००७ ते २०११ या चार वर्षांत ती १५४ सामने खेळली आणि त्यांतले चारच हरली. तिचे ३०३६ गुण हा विद्यापीठाचा उच्चांक आहे. २०१० च्या अंतिम सामन्यांत स्टॅनफर्डविरुद्ध मध्यंतरापर्यंत सबंध कनेक्टिकट संघाला बाराच गुण मिळाले होते, आणि प्रतिपक्षाला वीस. सतत जिंकण्याची सवय झालेल्या संघाला असा प्रसंग फार जड जातो. त्या सामन्यांत मूरनें एकटीनें २३ गुण केले आणि संघ ५३-४७ असा निसटून जिंकला. आमच्या पहिल्या नियमाबाहेरची एक गोष्ट मात्र सांगितल्याखेरीज पुढें जाववत नाहीं. २०१९ सालीं, खेळ ऐन भरांत असतांना, या मुलीनें तो बाजूस ठेवला. कारण कुटुंबाच्या ओळखीच्या, लहान वयांत दीर्घ शिक्षा झालेल्या एका निरपराध माणसाला तिला तुरुंगांतून सोडवावयाचें होतें. २०२० च्या मार्चमध्यें न्यायालयानें त्याची शिक्षा रद्द केली व जुलैंत तो सुटला. मूर मैदानावर पुन्हां आली नाहीं. निवडींत आम्ही हें धरलेलें नाहीं. धरण्याची गरजही नाहीं.

चौथ्या नांवाविषयीं वाद घालणारा अजून आम्हांला भेटावयाचा आहे. ब्रिआना स्ट्यूअर्ट २०१२ मध्यें दाखल झाली तेव्हांच आपल्याला चार अजिंक्यपदें हवींत असें बोलून गेली होती, आणि २०१३ ते २०१६ अशीं ओळीनें चारही घेऊन गेली. चारही वेळां अंतिम फेरीची सर्वोत्तम खेळाडू तीच. सहा फूट चार इंच उंची, चारशेंहून अधिक फेकी अडविलेल्या, आणि वर रेषेबाहेरून तीन गुण टाकण्याची हातोटी.

खरी अडचण पांचव्या नांवाची. घरांतील धाकटी मंडळी पेज बेकर्सचें नांव घेतील. पहिल्याच वर्षीं, २०२१ सालीं, देशांतील सर्वोत्तम खेळाडू ठरली अशी ती पहिलीच. २०२२ मध्यें गुडघ्याची शीर तुटून पुरें वर्ष बसली. आणि २०२५ मध्यें विद्यापीठाला नऊ वर्षांनीं अजिंक्यपद मिळवून देऊनच बाहेर पडली. पण तिची जागा बर्ड व टॉरासी यांच्याजवळची. आमच्या पंचकाला आतां हवी आहे ती जाळीखालीं उभी राहून चेंडू परत घेणारी.

आम्ही आधीं रेबेका लोबो हें नांव लिहिलें. स्टॉर्सच्या खेडेगांवाला पहिलें अजिंक्यपद मिळालें तें १९९५ मध्यें, तिच्या संघानें ३५ पैकीं ३५ सामने जिंकले तेव्हां. तोंपर्यंत कनेक्टिकटला कोणी विचारीत नव्हतें. नंतर देशभरच्या मुली तेथें येऊं लागल्या. ज्या थोरल्या सुनेनें घर उभें केलें, तिला फोटोंत मागच्या रांगेंत उभें करावें काय? हा प्रश्न मनांत धरून आम्ही दोन दिवस तें नांव राहूं दिलें.

मग तें खोडलें, आणि टीना चार्ल्स असें लिहिलें. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागांतील ज्या शाळेंतून बर्ड आली, त्याच शाळेंतून चार्ल्सही आली. पहिलीं दोन वर्षें ऑरिएमांनीं तिला फार बोलून घेतलें. अंगांत गुण असून ही झटत नाहीं, अशी त्यांची तक्रार असे. २००९ च्या अंतिम सामन्यांत तिनें २५ गुण केले आणि परतलेले १९ चेंडू घेतले. असे एकूण १३६७ चेंडू तिनें विद्यापीठांत असतांना हस्तगत केले. तो उच्चांकच आहे. मूर आणि ती तीन हंगाम बरोबर खेळल्या, त्यांतल्या शेवटच्या दोन हंगामांत संघ एकदांही हरला नाहीं. जाळीखालीं उभी राहणारी ही असली, म्हणजे स्ट्यूअर्टला मैदानभर फिरावयास मोकळीक मिळते. आमच्या दुसऱ्या नियमाप्रमाणें निकाल येथेंच लागला, मनाला तो कितीही टोंचला तरी.

तेव्हां बर्ड, टॉरासी, मूर, स्ट्यूअर्ट आणि चार्ल्स या पांच जणी मैदानावर. लोबोला आम्ही बांकावर पहिली जागा दिली आहे, आणि ती तिला अपरिचित नाहीं. १९९५ च्या अंतिम सामन्यांत टेनेसीविरुद्ध नियमभंगाचे दोष लवकर लागल्यामुळें तिला पूर्वार्धांतच बाहेर बसावें लागलें होतें, आणि मध्यंतरास संघ ३८-३२ असा मागें होता. उत्तरार्धांत ती बांकावरून उठून आंत गेली. सामना कनेक्टिकटनें ७०-६४ असा जिंकला.