घाटातला धूर आणि कोयनेची वीज

अलोऱ्याहून कुंभार्ली घाट चढताना भरलेला ट्रक जादा डिझेल जाळतो. प्रत्येक लिटरमागे सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आपल्या छातीला त्याहून घातक आहेत ते धुरातले २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण. ते फुप्फुसात खोलवर शिरतात, त्यातले अतिसूक्ष्म रक्तातही उतरतात.

उतारावर धूर कमी, पण ब्रेक आणि टायर झिजून धूळ उडते. टायरची धूळ विजेच्या गाडीचीही उडतेच, हे विसरू नये! मात्र विजेची बस घाट उतरताना तिची मोटरच जनित्र होते. ब्रेक कमी झिजतात, बॅटरीत थोडी वीज परतते. कोयनेची पोफळी आणि कोळकेवाडीची वीजघरं इथून जवळच. एसटीची विजेची बस या घाटात आधी यायला हवी.