पोत्यावरची चिठ्ठी

लिस्प शिकलो तो कागदावर. साल १९८७, गाव सांगली. उघडे कंस, बंद कंस मोजता मोजता तास संपायचा. एक कंस राहिला की सगळं मुसळ केरात. त्या तासाला आम्ही ‘कंसवध’ म्हणायचो. जॉन मॅकार्थींनी १९५८ मध्ये ही भाषा घडवायला घेतली ती आकडेमोडीपेक्षा याद्या आणि चिन्हं हाताळायला. या एका भाषेसाठी अमेरिकेत आख्खी यंत्रं बांधलीत, असं सरांनी सांगितलं तेव्हा थापच वाटली.

एवढा खटाटोप कशाला, ते मार्केट यार्डात उमगलं. वडील हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. साध्या संगणकाच्या मेमरीतही जणू पोतीच असतात, पण त्यांवर काही लिहिलेलं नसतं. आत आकडा आहे, शब्द आहे की यादी, हे लिस्पला कामाच्या वेळीच कळतं. म्हणजे बेरजेआधी दोन्ही पोत्यांची तोंडं सोडा, मग पुढचं. एमआयटीत रिचर्ड ग्रीनब्लाट आणि टॉम नाइट यांनी १९७० च्या दशकात यंत्रं बांधली, त्यांत प्रत्येक पोत्यावर आत काय आहे ते सांगणारी चिठ्ठी आली. पहिल्या यंत्राचं नाव कॉन्स, दुसऱ्याचं कॅडर. लिस्पमध्ये कॅडर म्हणजे यादीतली दुसरी वस्तू! असले विनोद करणाऱ्यांना धंदा जमेल का, ही शंका मला तेव्हाच यायला हवी होती.

पुढे सिम्बॉलिक्स कंपनीचं ३६०० हे यंत्र आलं. फ्रिजएवढं कपाट, ३६ बिटांचा शब्द, त्यातले काही बिट फक्त चिठ्ठीसाठी. इकडे बेरीज चालू असतानाच तिकडे चिठ्ठी वाचून व्हायची. गफलत निघाली तरच काम थांबायचं. वापरून टाकलेली पोती उचलून जागा मोकळी करायलाही यंत्राची मदत असे.

ते कपाट मी कधी पाहिलं नाही. मात्र त्याचा एक चुलतभाऊ पुण्यात अवतरला. मी तेव्हा साताऱ्यात शिकवत होतो. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेनं विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला, तो ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर चिप जोडून. ही चिप आणि ऑकम ही भाषा एकमेकींसाठीच घडलेल्या. डेव्हिड मे यांचा दोन्हींत हात. प्रत्येक चिपला शेजाऱ्यांशी बोलायला चार दुवे. ट्रकमधून माल उतरवणारी हमालांची साखळी आठवा: पुढच्यानं हात पुढे केल्याशिवाय मागचा पोतं सोडत नाही. ऑकममध्ये निरोप असाच हातोहात जातो, आणि त्यासाठी चिपमध्येच आज्ञा कोरलेल्या.

सिम्बॉलिक्स बुडाली, ट्रान्सप्युटरही मागे पडला. सर्वांसाठी बनणाऱ्या साध्या चिप लाखांनी खपत, त्यामुळे दरसाल स्वस्त आणि वेगवान होत गेल्या. पोत्याचं तोंड सोडून आत बघणंच इतकं झटपट झालं, की वेगळ्या चिठ्ठीचा खर्च परवडेना.

वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते हसले. पोत्यावर काहीही लिहिलेलं असो, ते हात घालून एक हळकुंड काढत आणि मोडून गाभ्याचा रंग बघत.