नगरच्या मिस फॅरार

जोतीराव फुले यांच्या चरित्रात एक वाक्य हमखास येते. ते आपल्या मित्राकडे अहमदनगरला गेले, तिथे अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार चालवीत असलेली मुलींची शाळा त्यांनी पाहिली आणि १८४८मध्ये पुण्यात भिड्यांच्या वाड्यात आपली शाळा काढली. सावित्रीबाईंच्या चरित्रात त्याला जोडून दुसरे वाक्य असते : शिकवावे कसे, याचे धडे घ्यायला त्या नगरला मिस फॅरार यांच्याकडे गेल्या होत्या. या दोन वाक्यांपलीकडे ही बाई मराठी वाचकाला भेटत नाही. तिचे पहिले नावही सहसा दिलेले नसते. तिने मुंबईत आणि नगरात मिळून तीन दशकांहून अधिक काळ मराठी मुलींना शिकवले आणि नगरातच देह ठेवला. एवढ्या आयुष्याची दोन वाक्यांत बोळवण होऊ नये, असे मला वाटते.

सिंथिया फॅरार यांचा जन्म १७९५ सालचा, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या मार्लबरो गावचा. त्या काळी अमेरिकेच्या या ईशान्य भागात धर्मजागृतीची मोठी लाट होती. त्या लाटेतूनच १८१०मध्ये परदेशात मिशनरी पाठवणारे ‘अमेरिकन बोर्ड’ उभे राहिले. त्याची कचेरी बोस्टनला होती. बोर्डाने १८१२मध्ये पहिली तुकडी हिंदुस्थानकडे रवाना केली. तिच्यात सॅम्युएल न्यूएल आणि त्यांची तरुण बायको हॅरिएट होती. हॅरिएट त्याच वर्षी मॉरिशसमध्ये वारली. तिचे वय होते १९. तिच्या पत्रांचे आणि रोजनिशीचे पुस्तक निघाले आणि ते घरोघरी वाचले गेले. शाळेत शिकवणाऱ्या, चर्चमध्ये नियमाने जाणाऱ्या, घरकामापलीकडे दुसरी वाट नसलेल्या किती तरी मुलींना त्या पुस्तकाने आपलेही आयुष्य कुठे तरी लांब, मोठ्या कामाला लागू शकते, हे दाखवून दिले.

पण लागायचे कसे? मिशनरी म्हणजे पुरुष. बाईला जायचे तर मिशनऱ्याची बायको होऊन. अविवाहित बाईला समुद्रापार पाठवणे बोर्डाला अप्रशस्त वाटे. ती राहणार कुठे, तिला संरक्षण कोणाचे, लोक काय म्हणतील, हे प्रश्न तेव्हाच्या बोस्टनमध्येही आपल्याकडच्या इतकेच टोकदार होते.

ती अडचण मोडली मुंबईतल्या मृत्यूंनी. बोर्डाचे मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते. त्यांना परत धाडण्याचा हुकूम निघाला. शेवटी गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्या सहानुभूतीमुळे ते राहू शकले. मराठी शिकून त्यांनी मुलांच्या शाळा काढल्या आणि १८२४मध्ये मुलींची पहिली शाळा सुरू केली. या शाळांवर देखरेख मिशनऱ्यांच्या बायकांची. त्यांना स्वतःची बाळंतपणे, आजारपणे आणि मुलांचे मृत्यू सांभाळून शाळांच्या फेऱ्या मारायच्या असत. त्यातच न्यूएल १८२१मध्ये पटकीने गेले. पुढे निकल्स आणि फ्रॉस्ट हे सहकारी मिशनरीही गेले आणि त्यांच्यामागे १८२६च्या मार्चमध्ये हॉलही नाशिककडच्या दौऱ्यावरून परतताना पटकीनेच वारले. मिशन निम्मे रिकामे झाले. मुलींच्या शाळा मात्र वाढत होत्या आणि त्यांना पूर्ण वेळ देणारे माणूस हवे होते. तसे माणूस म्हणजे घरसंसार नसलेली शिक्षिका, हे उघड होते. मुंबईहून तशी मागणी बोस्टनला गेली आणि बोर्डाने फॅरार यांना विचारले.

१८२७च्या जूनमध्ये त्या बोस्टनहून निघाल्या आणि कलकत्त्यावरून वर्षअखेरीला मुंबईत पोहोचल्या. तेव्हा त्यांचे वय ३२ होते. बोर्डाच्या दप्तरात त्यांचा हुद्दा ‘सहायक मिशनरी’ असा पडला. बायकांसाठी तोच शब्द वापरात होता, मग काम कितीही स्वतंत्र असो.

बोर्डाने परदेशी पाठवलेली पहिली अविवाहित स्त्री, असा त्यांचा उल्लेख होतो. त्यात एक दुरुस्ती करायला हवी. त्यांच्या चार-पाच वर्षे आधी बेट्सी स्टॉक्टन ही गुलामगिरीतून मुक्त झालेली कृष्णवर्णीय तरुणी एका मिशनरी कुटुंबाबरोबर हवाई बेटांवर गेली होती आणि तिथे तिने सामान्य लोकांसाठी शाळा चालवली होती. ती गेली त्या कुटुंबाची मदतनीस म्हणून, त्यामुळे बरीच वर्षे तिला यादीतच धरले गेले नाही. फॅरार यांचे वेगळेपण असे की त्यांची नेमणूक खास शाळांसाठी झाली होती.

मुंबईतल्या मुलींच्या शाळा म्हणजे काय, हे डोळ्यांपुढे आणायला हवे. भाड्याची एखादी खोली, नाही तर कुणाच्या घराची ओटी. शिकवायला स्थानिक पंतोजी, बहुधा ब्राह्मण, कारण शिकवू शकणाऱ्या बायका नव्हत्याच. पंतोजीचा पगार हजर मुलींच्या संख्येवर ठरे, म्हणून मुली गोळा करण्याची गरज त्यालाच अधिक असे. फॅरारबाई एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जात, मुलींचे वाचन ऐकत, लेखन तपासत, शिवणकाम शिकवत. सोबत ख्रिस्ती प्रश्नोत्तरावलीचे पाठांतर असे. शिक्षण मराठीतून. पुस्तके मिशनच्या मुंबईतल्या छापखान्यातून येत. गणपत कृष्णाजी मुद्रणाची कला शिकले ते याच छापखान्यात, म्हणजे मराठी पुस्तकाच्या इतिहासातही या मिशनची जागा आहे.

मुलींना शाळेत बसवणे सोपे नव्हते. वाचणे-लिहिणे हे कलावंतिणींचे काम, शिकलेली मुलगी लवकर विधवा होते, असे समज घराघरांत होते. मुलगी नऊ-दहा वर्षांची झाली की लग्न आणि शाळा बंद. म्हणजे हाताशी मिळणार दोन-तीन वर्षे, तीही सणावारांनी आणि साथींनी तुटलेली. तेवढ्यात बाराखडी, वाचन आणि थोडी आकडेमोड पुरी करायची. पैसाही बोस्टनहून पुरेसा येत नसे. मुंबईतल्या युरोपियनांकडे वर्गणीसाठी हात पसरावा लागे आणि ते काम फॅरार यांनी चिकाटीने केले. १८२९मध्ये मार्गारेट विल्सन यांनी स्कॉटिश मिशनच्या मुलींच्या शाळा सुरू केल्या. दादाभाई नौरोजी आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी मुंबईत मुलींच्या शाळा काढायला मात्र १८४९ उजाडावे लागले. मधली २० वर्षे या कामाचा मोठा भार मिशनच्या बायकांनी वाहिला.

दहा वर्षांत प्रकृती ढासळली. १८३७मध्ये फॅरार मायदेशी गेल्या. वयाच्या चाळिशीत, आजारी शरीर घेऊन घरी परतलेल्या बाईला परत जा म्हणणारे कुणी नव्हते. त्या १८३९मध्ये परत आल्या आणि या वेळी नगरला गेल्या.

नगरचे केंद्र १८३१मध्ये सुरू झाले होते. इथे हेन्री बॅलंटाइन यांच्यासारखे मराठीत गीते रचणारे मिशनरी होते. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२मध्ये नगरातूनच निघाले. मुंबईपेक्षा गाव लहान आणि वस्ती जवळजवळची, म्हणून परिणाम लवकर दिसे, तसा रोषही लवकर पेटे. कुणी बाप्तिस्मा घेतला की शाळा ओस पडत. पालकांची भीती खोटी नव्हती. मिशन मुलींना शिकवत होते ते त्यांनी शुभवर्तमान वाचावे आणि येशूकडे यावे म्हणूनच. फॅरारबाईंचाही हेतू तोच होता. त्यांनी तो कधी लपवला नाही, आपणही लपवू नये. त्यांना समाजसुधारक म्हणून रंगवायचे आणि धर्म बाजूला सारायचा, हा त्यांच्या आयुष्यावर अन्याय होईल. ज्या श्रद्धेने त्यांना घरदार सोडायला लावले, तिच्याशिवाय त्या नगरला आल्याच नसत्या.

त्या हेतूच्या मापाने पाहिले तर पदरात फार पडले नाही. त्यांच्या हाताखालून गेलेल्या बहुसंख्य मुली आपापल्या धर्मात, आपापल्या सासरी गेल्या. बोर्डालाही हा हिशेब खुपत असे. बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५मध्ये हिंदुस्थानात येऊन गेले. उपदेश करावा आणि ख्रिस्ती मंडळी उभारावी, शाळा हे केवळ साधन, असे त्यांचे ठाम मत होते. अशा वातावरणात हिंदू मुलींच्या शाळेचे समर्थन सतत करावे लागणार, हे उघड आहे. म्हणजे गावाच्या लेखी ही बाई बाटवणारी, आणि बोर्डाच्या लेखी तिचे काम दुय्यम. या दोहोंच्या मध्ये तिने वर्षानुवर्षे पाट्या तपासल्या.

आणि मग नगरला जोतीराव आले. त्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे तिथे नोकरीला होते. जोतीराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले, त्यामुळे मिशनची शाळा त्यांना अपरिचित नव्हती. मुलींना एवढ्या पद्धतशीरपणे शिकवता येते, हे पाहणे त्यांना महत्त्वाचे वाटले. ‘ज्ञानोदया’त १८५३च्या सप्टेंबरमध्ये त्यांची हकिकत छापून आली, तीत त्यांनी या भेटीचा उल्लेख केला आहे. आईच्या शिक्षणाने मूल घडते, म्हणून आपण आधी मुलींची शाळा काढली, आणि नगरच्या शाळेतली शिकवण्याची रीत पाहून आपल्याला संतोष झाला, असा त्याचा आशय आहे. मानलेले ऋण जाहीरपणे सांगणे हा जोतीरावांचा मोठेपणा.

माझ्या मते या कथेचा कणा इथे आहे. जोतीरावांनी शाळेची रीत घेतली आणि बाप्तिस्मा घेतला नाही. पुण्याच्या शाळेत ख्रिस्ती प्रश्नोत्तरावली नव्हती. तिथे शिकवायला सावित्रीबाई उभ्या राहिल्या, म्हणजे मुंबईच्या पहिल्या शाळांना जी सर्वांत मोठी उणीव होती, मराठी बोलणाऱ्या, इथल्याच समाजातल्या शिक्षिकेची, ती पुण्यात भरून निघाली. परक्या हेतूने आलेली गोष्ट आपल्या माणसांनी पारखून घेतली आणि आपल्या प्रश्नाला लावली. यात फॅरार यांचे श्रेय कमी होत नाही आणि फुले दांपत्याचेही नाही. मिशनरी म्हटले की एकीकडे भाबडी कृतज्ञता आणि दुसरीकडे सरसकट संशय, अशा दोनच भूमिका आपल्याकडे दिसतात. नगरच्या शाळेचा इतिहास या दोन्हींत बसत नाही.

सिंथिया फॅरार १८६२मध्ये नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, वारल्या. शेवटपर्यंत त्या अविवाहित राहिल्या आणि शेवटपर्यंत शाळेच्या कामात होत्या. त्यांच्या शाळांतल्या मुलींबद्दल मराठीत जवळजवळ काहीच लिहिले गेलेले नाही. त्या कोण होत्या, कुठल्या गल्लीत राहत, वाचायला शिकून पुढे त्यांनी काय वाचले, आपल्या लेकींना शिकवले का, हे प्रश्न आपण विचारलेलेच नाहीत. अमेरिकन बोर्डाची कागदपत्रे आज हार्वर्ड विद्यापीठाच्या हाउटन ग्रंथालयात जपलेली आहेत. बोर्डाच्या ‘मिशनरी हेरल्ड’ मासिकात या केंद्रांचे वृत्तान्त वर्षानुवर्षे छापून येत, आणि ‘ज्ञानोदया’चे जुने अंक आहेतच. इतिहासाच्या एखाद्या मराठी विद्यार्थिनीने प्रबंधाचा विषय शोधताना हे कागद हाती घ्यावेत आणि विद्यापीठांनी तिला त्यासाठी बळ द्यावे. फॅरारबाईंचे चरित्र तर मराठीत यायलाच हवे, पण त्याच्याही आधी त्यांच्या मुलींची नावे शोधली पाहिजेत.