कोमरम भीम इंग्रजांशी लढला नव्हता

इंद्रवेल्लीच्या आसपास, आदिलाबादच्या मराठी घरांतही, हल्ली एकच गोष्ट ऐकू येते: गोंडांचा नेता कोमरम भीम आणि अल्लुरी सीताराम राजू जिवलग मित्र होते, दोघांनी मिळून दिल्लीत इंग्रजांना लोळवले. ‘आरआरआर’ हा चित्रपट 2022 साली आला आणि ही कथा इतिहास म्हणून सांगितली जाऊ लागली. चित्रपटकर्त्यांनी स्वतः ती काल्पनिक म्हटली आहे. तरी शाळकरी मुले तेच पाठ करतात, याची चीड येते.

साल पाहा. राजूंचा रंपा उठाव 1922 ते 1924चा, मद्रास इलाख्यातल्या गोदावरी-विशाखापट्टणमच्या डोंगरांतला, आणि तो इंग्रजांविरुद्धच होता. मे 1924मध्ये राजू मारले गेले. भीम जोडेघाटला पडला 1940 साली, म्हणजे 16 वर्षांनी. दोघांची भेट झाल्याचा पुरावा नाही.

भीमचा शत्रूही वेगळा. आदिलाबाद हैदराबाद संस्थानात होते. जंगल, महसूल, पोलीस सगळे निजामाचे. राखीव जंगलाच्या नावाखाली गोंडांची शेती हिरावली जात होती, त्याविरुद्ध भीम उभा राहिला. शंका असेल त्यांनी ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांचे लेखन वाचावे. उठावानंतर हे मानववंशशास्त्रज्ञ इथल्या गोंडांमध्ये राहिले आणि जमिनीचे हे दुखणे त्यांनी निजाम सरकारपुढे मांडले.

कल्पनेला मज्जाव नाही. जॉर्ज मार्टिन यांनी ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’साठी इंग्लंडच्या गुलाबयुद्धांचा आधार घेतला, पण घराणी आणि राज्य नवे उभे केले. ती कादंबरी वाचून कुणी इंग्लंडचा इतिहास चुकत नाही. ‘आरआरआर’मध्ये नावे खरी ठेवली आणि भांडण बदलले. साहू आणि अल्लम राजय्या यांची ‘कोमरम भीम’ ही तेलुगू कादंबरीच आहे, पण तिच्यातला भीम जमिनीसाठीच लढतो.

आणखी काही गैरसमज :

‘इंद्रवेल्लीचा स्तूप भीमचा आहे.’ नाही. 20 एप्रिल 1981 रोजी जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यातल्या मृतांचे ते स्मारक आहे. सरकारी आकडा 13. हक्क संघटनांचा त्याहून बराच मोठा.

‘नागोबा जत्रेतला दरबार पुरातन आहे.’ केसलापूरची नागोबाची पूजा मेस्राम या गोंड कुळाची, जुनीच. अधिकाऱ्यांपुढे गाऱ्हाणी मांडण्याचा दरबार मात्र 1940च्या दशकात हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने सुरू झाला.

भीमच्या हातात दिल्लीची लढाई दिली की जमिनीचा प्रश्न गोष्टीतून गळतो. 1940 साली जोडेघाटला आणि 1981 साली इंद्रवेल्लीत माणसे त्याच प्रश्नावर मेली. मुलांना चित्रपट जरूर दाखवा. त्याच दिवशी हेही सांगा.